आइस्नरचा पाऊस आणि ५५ नंबरची बिल्डिंग

पार्सल आलं तेव्हा डोंबिवलीत पाऊस कोसळत होता. खोक्याचा एक कोपरा भिजून मऊ पडला होता आणि आतल्या पुस्तकाचा पुठ्ठाही नेमका तिथेच दबला होता. परत पाठवावं की ठेवून घ्यावं यावर घरात थोडी वादावादी झाली. मी म्हटलं, आधी उघडून तर बघू. उघडलं, तर आतही पाऊसच.

विल आइस्नर या अमेरिकन कॉमिक्सवाल्याच्या 'अ कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड' या चित्रकथांच्या पुस्तकाची सुरुवात तशीच आहे. न्यूयॉर्कमधलं ब्राँक्स, तिथली ड्रॉप्सी अव्हेन्यू नावाची (कल्पनेतली) गल्ली, ५५ नंबरची बिल्डिंग आणि थांबायचं नाव न घेणारा पाऊस. फ्रिमे हर्श नावाचा माणूस मुलीला पुरून घरी येतोय. खांदे पडलेत, कोट अंगाला चिकटलाय. तो जिना चढतो आणि मागे पायऱ्यांवर पाणी निथळत राहतं. तेवढ्याच पानांवर मी अर्धा तास थांबलो. पेनाने पाणी काढणं किती अवघड असतं ते मला ठाऊक आहे. उभ्या रेघा मारल्या की पाऊस होत नाही, बांबूचा पडदा होतो. आइस्नरच्या रेघा वजनदार आहेत, त्या माणसाला खाली दाबतात. हार्वी कुर्ट्झमन या अमेरिकन व्यंगचित्रकाराने या पावसाला 'आयझनश्प्रिट्झ' असं नावच पाडलं होतं म्हणे. बायकोने खांद्यावरून डोकावून एकच वाक्य टाकलं, "अहो, या माणसाला आधी टॉवेल द्या कुणीतरी."

पुस्तक अर्थातच परत पाठवलं नाही.

मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढची बडबड कुठून येते ते कळेल. अडतीस वर्षं मी ड्राफ्ट्समन होतो, फोर्टातल्या एका आर्किटेक्टकडे. आधी ट्रेसिंग पेपर, रोट्रिंगची पेनं, चूक खरवडायला ब्लेड आणि अमोनिया प्रिंटचा नाकात जाणारा वास. नंतर ऑटोकॅड. काम बहुतेक जुन्या इमारतींचं. गिरगाव, परळ, माझगाव इथल्या चाळींमध्ये टेप घेऊन जायचं, मापं घ्यायची, आहे तशी बिल्डिंग कागदावर उतरवायची. मग ती पाडून तिथे काय उभं राहणार त्याची ड्रॉइंगं करायची. किती चाळी मी अशा आधी काढल्या आणि मग खोडल्या याचा हिशेब ठेवलेला नाही. ठाकूरद्वारजवळची आमची स्वतःची चाळही त्यात आहे.

त्या ड्रॉइंगांमध्ये माणसं लागायची. ती लेट्रासेटची असत. शीट कागदावर ठेवून पाठीमागून घासलं की माणूस उतरायचा: एक ब्रीफकेसवाला, एक छत्री घेतलेली बाई, एक कुत्रा फिरवणारा. गिरगावात आयुष्यात न दिसलेली साहेबी मंडळी. दाराची उंची कळावी एवढंच त्यांचं काम. साहेब म्हणायचे, "जोशी, एलेव्हेशनला दोन माणसं टाक." मी टाकायचो.

आइस्नर वाचताना ती लेट्रासेटची माणसं सारखी आठवत राहिली. मुलगी पुण्यात डिझाइनचं शिकवते. तिनेच माझ्या साठीला हे पहिलं पुस्तक पाठवलं. "बाबा, यात बिल्डिंगा आहेत, तुम्हाला आवडेल," एवढंच म्हणाली. नंतरची मी स्वतः मागवली. गेल्या दीड वर्षात नॉर्टन या प्रकाशकाचे तीन जाडजूड संग्रह झाले, शिवाय 'द स्पिरिट'ची निवडक गोष्टींची एक प्रत आणि 'कॉमिक्स अँड सीक्वेन्शियल आर्ट' हे त्याचं शिकवणीचं पुस्तक. काय घ्यावं, काय सोडावं असं दोघा-तिघांनी विचारलं, म्हणून हे लिहायला बसलो.

आइस्नर १९१७ सालचा, ब्रुकलिनमध्ये जन्मलेला, बाहेरून आलेल्या यहुदी आईबापांचा मुलगा. वडील व्हिएन्नात चर्चच्या भिंती रंगवायचे, अमेरिकेत येऊन यिद्दिश (युरोपातून आलेल्या यहुद्यांची भाषा) नाटकांचे पडदे रंगवू लागले, पुढे फरच्या कपड्यांच्या धंद्यात शिरले आणि तिथेही फारसं जमलं नाही. आई व्यवहारी, चित्रं काढून पोट भरतं यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पोरगा वॉल स्ट्रीटवर पेपर विकायचा. हायस्कूलमधला त्याचा सोबती बॉब केन, म्हणजे पुढे बॅटमॅनवाला. विशीच्या आत-बाहेर असताना त्याने जेरी आयगर नावाच्या भागीदाराबरोबर कॉमिक्स तयार करून देणारा स्टुडिओ काढला. सीगल आणि शुस्टर या दोन पोरांनी पाठवलेला सुपरमॅन आपण नाकारला होता, हे त्याने स्वतःच सांगितलेलं आहे. मला हे वाचून बरं वाटलं. असे नकार देणारे साहेब आम्हीही पाहिलेत.

मग 'द स्पिरिट'. २ जून १९४० पासून ५ ऑक्टोबर १९५२ पर्यंत दर रविवारी वर्तमानपत्रासोबत सोळा पानांची पुरवणी यायची, त्यातली सात-आठ पानं स्पिरिटची. भरात असताना वीसेक वर्तमानपत्रांतून ती पन्नास लाख घरांत जात होती. नायक डेनी कोल्ट मेला असं जग समजतं, तो स्मशानाखालच्या अड्ड्यात राहतो आणि डोळ्यांवर छोटासा मुखवटा लावून गुन्हेगारांमागे लागतो. आम्ही मराठी इंद्रजालमधला वेताळ वाचत वाढलो, त्यामुळे मुखवट्याचं मला कौतुक नाही. पहिलं पान मात्र बघाच. आइस्नर तिथे 'द स्पिरिट' ही अक्षरंच इमारत म्हणून उभी करतो. कधी ती गटाराच्या पाण्यातून वाहत जाणारे कागदाचे कपटे असतात, कधी एखाद्या बोळातल्या दगडी भिंती. आम्ही टायटल ब्लॉक, म्हणजे ड्रॉइंगवरचा नावगावाचा चौकोन, उजव्या कोपऱ्यात स्टेन्सिलने भरायचो. अक्षरांना छप्पर असतं, त्यांच्या खाली उभं राहून पाऊस चुकवता येतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यातली एकच गोष्ट वाचायची झाली तर ५ सप्टेंबर १९४८ची गेरहार्ड श्नॉबलची वाचा. श्नॉबल साधा नोकरदार, त्याला लहानपणापासून उडता येतं. अख्खं आयुष्य ते दाबून ठेवलेलं. एके दिवशी तो उंच इमारतीच्या गच्चीवरून उडतो, शहरावर तरंगतो, आणि त्याच वेळी गच्चीवर स्पिरिटची गुंडांशी गोळीबारी चाललेली असते. पुढचं सांगत नाही. नायक त्याच गच्चीवर असूनही गोष्ट त्याची नाही, हे आइस्नरला तिशीतच सुचलं होतं. 'स्पिरिट'च्या बाकी कितीतरी गोष्टी मी चाळून सोडल्या, खरं सांगतो.

आणि एक गोष्ट आडून-आडून सांगण्यात अर्थ नाही. स्पिरिटचा मदतनीस एबनी व्हाइट हा काळा पोरगा जसा काढला आहे, जाड ओठ, वाटोळे डोळे, वेडंवाकडं बोलणं, ते आज बघवत नाही. त्या काळी सगळेच असं काढायचे हा बचाव मला पटत नाही, कारण बाकी कशातच हा माणूस सगळ्यांसारखा नव्हता. पुढे त्याने एबनीला बाजूला केलं. २००३च्या 'फेगिन द ज्यू'मध्ये, डिकन्सने 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये यहुदी माणसाचं जे सोंग उभं केलं त्याला उत्तर देताना, प्रस्तावनेत स्वतःच्या एबनीचाही हिशेब मांडला. वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी. उशीर झाला, पण मांडला.

'स्पिरिट' संपल्यावर वीसेक वर्षं तो कॉमिक्सच्या बाजारातून जवळजवळ गायबच आहे. या काळात तो अमेरिकन लष्करासाठी 'पीएस' नावाचं मासिक करत होता: जीप, ट्रक, बंदुका नीट कशा ठेवाव्यात, ग्रीस कुठे लावावं, चित्रांतून. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी एम-१६ रायफल साफ कशी करायची त्याची पुस्तिकाही त्याचीच. समीक्षक ही वर्षं वाया गेली असं मानून पुढे सरकतात. मी नाही मानत. पंपाचे सगळे भाग सुटे करून हवेत टांगल्यासारखे काढायचे आणि अडाण्यालाही ते परत जोडता आले पाहिजेत, ही शिस्त ज्याच्या हातात मुरली त्यालाच पुढे माणूस असा सुटा करून दाखवता येतो.

आता मुख्य पुस्तक. 'अ कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड' १९७८ साली आलं. आइस्नर तेव्हा एकसष्ट वर्षांचा. मोठ्या प्रकाशकाला फोनवर 'हे कॉमिक आहे' म्हटलं तर तो फोन ठेवेल, म्हणून याने 'ग्राफिक नॉव्हेल आहे' असं सांगून दिलं. प्रकाशकाने बोलावलं, कागद पाहिले आणि म्हणाला, अहो हे तर कॉमिकच आहे. शेवटी बॅरोनेट नावाच्या छोट्या प्रकाशनाने काढलं आणि पेपरबॅकच्या मुखपृष्ठावर 'ग्राफिक नॉव्हेल' हे शब्द छापले. हे शब्द त्याने शोधले असं सर्रास लिहिलं जातं, ते चूक आहे. १९६४ सालीच रिचर्ड काइल नावाच्या लेखकाने ते वापरले होते. आइस्नरने ते दुकानाच्या फळीपर्यंत नेले. आणि गंमत म्हणजे ही कादंबरी नव्हेच, एकाच बिल्डिंगमधल्या चार गोष्टी आहेत.

पहिल्या गोष्टीतला हर्श लहानपणी रशियातल्या खेड्यात दगडावर देवाशी करार लिहितो: मी चांगला वागेन, तू मला सांभाळ. अमेरिकेत तो देवभोळेपणाने राहतो, कुणीतरी दारात ठेवून गेलेली तान्ही मुलगी वाढवतो, आणि ती आजारी पडून मरते. करार कुणी मोडला? हर्श रात्रभर देवाला जाब विचारतो, दगडावर थुंकतो, तो खिडकीबाहेर फेकून देतो आणि दुसऱ्या दिवसापासून बिल्डिंगा विकत घ्यायला लागतो. त्यात पहिली त्याची स्वतःची, ५५ नंबरची. काल शेजारी होता तो आज मालक. भाडं वाढवतो, जिन्यातली उब कमी करतो. मी अशी दोन माणसं जवळून पाहिली आहेत, पागडीच्या खोलीतून सुरू करून बिल्डर झालेली. देवघर दोघांचंही मोठं होतं.

आइस्नरची मुलगी ॲलिस १९७० मध्ये ल्युकेमियाने गेली, सोळा वर्षांची. हे तो कित्येक वर्षं बोललाच नव्हता, शेवटी नॉर्टनच्या एकत्रित आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने लिहिलं. मी प्रस्तावना नेहमी शेवटी वाचतो. त्यामुळे हे कळल्यावर पहिली गोष्ट परत वाचावी लागली, आणि ती दुसऱ्यांदा वाचणं सोपं गेलं नाही.

चित्रांबद्दल एक तांत्रिक बाब, ती माझ्या डोळ्याला लगेच दिसली. कॉमिक म्हटलं की चौकटी, पानाला सहा किंवा नऊ. इथे चौकटी जवळजवळ नाहीतच. दाराची चौकट हीच चौकट, खिडकी हीच चौकट, कधी जिन्याचा कठडा पानाचे दोन भाग करतो. म्हणजे पानाची रचना इमारतच करते. पहिली आवृत्ती त्याने काळ्याऐवजी तपकिरी शाईत छापून घेतली होती. जुन्या फोटोसारखी, आठवणीसारखी. शीर्षकाची अक्षरं दगडात कोरल्यासारखी. बोलण्याच्या फुग्यांइतकंच बाहेरचं मोकळं लिखाणही हातानेच लिहिलेलं आहे.

या बिल्डिंगला मी सुरुवातीला चाळ समजून वाचत होतो. ती चूक तुम्ही करू नका. चाळीला गॅलरी असते, सगळ्यांची दारं त्या गॅलरीत उघडतात, कुणाकडे कोण आलं ते सगळ्या मजल्याला कळतं. ब्राँक्सच्या टेनमेंटमध्ये गॅलरी नाही. जिना आत, अंधारा. खोल्यांच्या खिडक्या उजेडासाठी ठेवलेल्या अरुंद पोकळीवर उघडतात. समोर लोखंडी फायर एस्केप, आग लागली तर उतरायचा जिना. त्यामुळे तिथे शेजार दिसण्यापेक्षा ऐकू येतो. आइस्नर हे अचूक पकडतो. भांडण खाली चाललंय आणि वरच्या तीन खिडक्यांतून डोकी बाहेर आली आहेत, किंवा एक बाई भिंतीला कान लावून उभी आहे. 'द स्ट्रीट सिंगर' तर त्या पोकळीत उभ्या राहून गाणाऱ्या माणसावरच आहे. मंदीच्या काळात बेकार माणसं अशी गायची आणि वरून लोक कागदात गुंडाळून नाणी टाकायचे. आमच्याकडे गॅलरीतून वासुदेवाच्या झोळीत पैसे पडत, ते आठवलं. पण वासुदेव सकाळी प्रसन्न करून जायचा. हा गायक दारुडा आहे, बायकोला मारतो, आणि एक म्हातारी गायिका त्याला मोठं करायला निघते तेव्हा तिचा पत्ताच विसरून बसतो.

तिसरी गोष्ट 'द सुपर'. सुपर म्हणजे बिल्डिंगची देखरेख करणारा, बॉयलर पेटवणारा, कचरा काढणारा, सगळ्यांचा नावडता. आपला स्कग्ज तळघरात कुत्र्यासोबत राहतो. वाचकाला तो आधी किळसवाणा वाटतो, मग दहा वर्षांची एक मुलगी अशी काही वागते की कोणाची कीव करावी तेच कळेनासं होतं. ही गोष्ट घरातल्या पोरांच्या हाती पडू देऊ नका. 'कॉमिक आहे' म्हणून माझ्या साडूंनी नातवासाठी मागितलं होतं, मी सरळ नाही म्हटलं.

चौथी, 'कुकअलाइन', मला सगळ्यात जास्त आवडली. उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या बायका पोरं घेऊन कॅट्सकिल डोंगरात जायच्या, शेतावरच्या खोल्या भाड्याने, स्वयंपाकघर सगळ्यांत एक, आपापलं रांधून खा. नवरे शहरात राहून आठवड्याने भेटायला येणार. म्हणजे आमचा मे महिना! आई आम्हाला घेऊन कोकणात, वडील गिरगावातल्या खानावळीत. कॅट्सकिलमध्ये मात्र आणखी बरंच काही चालतं. एक सेक्रेटरी श्रीमंत नवरा गटवायला आली आहे, एक कपडे कापणारा कारागीर श्रीमंत बायको गटवायला आला आहे, आणि दोघं नेमके एकमेकांना गाठतात. ही जोडगोळी हसवत हसवत अशा जागी नेऊन सोडते की हसल्याची लाज वाटते.

तक्रारीही आहेत. आइस्नरची माणसं हात फार वर करतात. दुःख झालं की आकाशाकडे मुठी, राग आला की सगळं शरीर कमान. वडिलांनी रंगवलेल्या यिद्दिश नाटकांच्या पडद्यांसमोर हा वाढला असणार. आपल्या संगीत नाटकांचा अभिनय आवडणाऱ्याला हे खपेल, माझ्या मुलीला खपत नाही. "बाबा, किती ओव्हर," म्हणते. बायकांच्या बाबतीत तो आणखी कमी पडतो. त्या सोसतात, नाहीतर भुलवतात, नाहीतर करवादतात. 'अ लाइफ फोर्स'मधली याकोबची बायको रिफ्का मध्ये मध्ये या खाचेतून बाहेर येते, पण थोडीच.

तरी 'अ लाइफ फोर्स' घ्याच. नॉर्टनच्या 'कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड ट्रिलॉजी'त ते दुसरं आहे. याकोब श्टार्का नावाचा सुतार पाच वर्षं खपून देवळासाठी एक सभागृह बांधतो. संपल्यावर त्याला सांगतात, झालं, आता काम नाही. घरी जाताना बोळात छातीत कळ येऊन तो कोसळतो आणि समोर वरून झटकलेलं एक झुरळ उताणं पडलेलं असतं. दोघं जगायची धडपड करतात आणि याकोब झुरळाला विचारतो की आपण दोघं कशासाठी एवढा आटापिटा करतोय. लिहून सांगितलं की हे बाळबोध वाटतं. पानावर बघा. झुरळ माणसाच्या चेहऱ्याएवढंच मोठं काढलंय, त्याच आदराने. मी निवृत्त झालो त्या दिवशी ऑफिसात नारळ आणि शाल मिळाली, आणि परतीच्या डोंबिवली फास्टमध्ये मला साधारण याकोबसारखंच वाटत होतं, फक्त झुरळ नव्हतं.

तिसरं, 'ड्रॉप्सी अव्हेन्यू', १९९५चं. १८७० मधल्या डच शेतकऱ्यांपासून सुरू होऊन इंग्रज, आयरिश, जर्मन, इटालियन, यहुदी, पोर्तोरिकन, काळे असे एकामागून एक लोक त्या गल्लीत येतात, आधीचे नाक मुरडून निघून जातात, बिल्डिंगा खंगतात, विम्यासाठी पेटवल्या जातात, जमीनदोस्त होतात, पुन्हा नवी घरं उभी राहतात. कल्पना जबरदस्त, पण पात्रं इतकी की मला तरी अर्ध्यावर लेट्रासेटची आठवण झाली. मला ते कमी भावलं. मुलीचं याच्यावरून माझ्याशी भांडण आहे. तिच्या मते गल्ली हेच पात्र आहे. असेल.

दुसरा संग्रह 'विल आइस्नर्स न्यूयॉर्क'. ज्यांना दुःखाच्या मोठ्या गोष्टी नकोत त्यांनी यापासून सुरुवात करावी. पहिल्या भागात नुसत्या वस्तू आहेत: पायऱ्या, आग विझवायचा नळ, फुटपाथवरची जाळी, कचऱ्याचे डबे, भुयारी रेल्वे. एका जाळीतून लोकांच्या हातून काय काय खाली पडतं आणि काय मुद्दाम टाकलं जातं एवढ्यावर एक अख्खी गोष्ट होते. पुष्कळ पानांवर शब्दच नाहीत. शि. द. फडणीसांची मुखपृष्ठं बघत मोठा झालेला कुणीही ही पानं सहज वाचेल, इंग्रजी येत नसलं तरी.

याच संग्रहात 'इन्व्हिजिबल पीपल' आहे. पिंकस प्लेटनिक हा कुणाच्या अध्यामध्यात नसलेला इस्त्रीवाला. पेपरात चुकून त्याच्या मृत्यूची बातमी येते. झालं. नोकरी जाते, खोली जाते, हा जिवंत समोर उभा राहून सांगतोय आणि लोक पेपरावर विश्वास ठेवतात. बायको पालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, दर नोव्हेंबरला तिला हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी तिला ही गोष्ट वाचून दाखवली. ती हसली नाही. "ठसा उमटला नाही तर माझंही हेच होणार," म्हणाली. हिच्या बोटांचे ठसे मशीन दोनदा नाकारून बसलंय.

आणि 'द बिल्डिंग', १९८७ची. माझ्यापुरतं सांगायचं तर सगळ्या आइस्नरमध्ये हेच पहिलं. दोन मोठ्या रस्त्यांच्या संगमावर एक इमारत ऐंशी वर्षं उभी असते. ती पाडतात, तिथे नवा काचेचा टॉवर येतो, आणि त्याच्या दारात चार भुतं उभी असतात: एका मुलाला वाचवता आलं नाही म्हणून जन्मभर खंतावलेला मन्रो मेन्श, कवीवर प्रेम करून दंतवैद्याशी लग्न केलेली गिल्डा ग्रीन, तिथेच रस्त्यावर व्हायोलिन वाजवणारा टोनाटी, आणि ती जागा मिळवायच्या हव्यासात संपलेला बिल्डर हॅमंड. भुताटकीची गोष्ट नाही ही. बिल्डरलाही त्याने भुतांच्याच रांगेत उभं केलं, खलनायक केलं नाही, तिथे मी टोपी काढली. पुस्तकात आइस्नर म्हणतो त्याचा मथितार्थ असा की इमारती पडतात तेव्हा त्यांच्यात साचलेलं काहीतरी मागे राहतं. मी ज्या चाळी मोजल्या त्यांच्या मेजर्ड ड्रॉइंगमध्ये भिंतींची जाडी आहे, कौलांचा उतार आहे, मोऱ्यांची मापं आहेत. गॅलरीच्या कठड्यावर भाजी निवडून निवडून एका जागी लाकूड गुळगुळीत झालं होतं, ते नाही. ते दाखवायला आमच्याकडे चिन्हच नव्हतं.

तिसरा संग्रह 'लाइफ, इन पिक्चर्स' आत्मचरित्रात्मक आहे. 'टू द हार्ट ऑफ द स्टॉर्म'मध्ये सैन्यात भरती झालेला तरुण विली आगगाडीच्या खिडकीशी बसलाय आणि बाहेर पळणाऱ्या काचेत त्याचं बालपण, आईवडिलांची लग्नाआधीची कहाणी, यहुदी म्हणून खाल्लेला मार असं सगळं दिसत जातं. फार चांगलं. खिडकीची जागा मिळालेल्या लोकलवाल्यांना जास्तच कळेल.

'द ड्रीमर' मात्र सांभाळून वाचा. सुरुवातीच्या स्टुडिओचे दिवस, नावं बदललेली, आइस्नर म्हणजे बिली आयरॉन. १९३९ मध्ये व्हिक्टर फॉक्स या प्रकाशकाने सुपरमॅनची नक्कल असलेला 'वंडर मॅन' त्याच्याकडून करून घेतला, सुपरमॅनवाल्यांनी दावा लावला. 'द ड्रीमर'मधला नायक कोर्टात धंद्याची पर्वा न करता खरं सांगतो. २०१० साली त्या खटल्याची साक्ष जशीच्या तशी बाहेर आली, तर आइस्नरने प्रत्यक्षात नक्कल नाकारली होती. बावीस वर्षांचा होता, पोटाचा प्रश्न होता, समजू शकतो. पण सत्तरीला आलेल्या माणसाने चित्र काढताना ते दुरुस्त करून घ्यावं? एखाद्या मंजूर नकाशावर नंतर भिंत सरकवल्यासारखं आहे हे. आम्ही त्याला काय म्हणायचो ते इथे लिहीत नाही. पुस्तक त्यामुळे वाईट होत नाही, उलट मला त्या पानांवरचा बिलीचा ताठ चेहरा आता जास्त वेळ बघावासा वाटतो.

घेण्याबद्दल व्यवहाराचं थोडं. तीनही नॉर्टन संग्रह जड आहेत, पोटावर ठेवून आडवं पडून वाचू नका. दोन मागवले तेव्हाच खर्च पाच हजारांच्या वर गेला होता. एकच घ्यायचा तर 'न्यूयॉर्क' घ्या, दोन परवडत असतील तर 'ट्रिलॉजी'ही. तिसरा वाचनालयातून मिळाला तर बघा. 'स्पिरिट'ची सगळी मालिका सव्वीस खंडांत आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका, निवडक पुरे. इंग्रजी अवघड नाही, यिद्दिश शब्द संदर्भाने कळतात. हातात पेन्सिल धरणाऱ्या मुलासाठी 'कॉमिक्स अँड सीक्वेन्शियल आर्ट' जरूर; न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये तो शिकवायचा, त्यातून हे आलं आहे. माणसाच्या पाठीवरून त्याचा मूड कसा काढायचा ते त्यात पानापानाने दाखवलंय. पार्सल मात्र पावसाळ्यात मागवू नका.

माझा 'न्यूयॉर्क' सध्या घरात नाही. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या कमिटीवर असलेले तिसऱ्या मजल्यावरचे काका 'द बिल्डिंग' नाव बघून घेऊन गेले. दोन आठवड्यांनी जिन्यात भेटले. मी विचारलं, "वाचलंत का?" म्हणाले, "वाचलं हो. चित्रं छान आहेत. पण एक सांगा जोशी, तुम्ही त्या लाइनमधले, त्या हॅमंडला नव्या टॉवरला एफएसआय किती मिळाला असेल?"

एफएसआय म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण. मी घरी येऊन आठवून आठवून मजले मोजायचा प्रयत्न केला. पुस्तक परत आल्याशिवाय सांगता येणार नाही.